ॲक्रिटार्क : ‘माहीत नाही’ हेच ज्याचं नाव

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं की, सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, हे समुद्रातले जीवाश्म मध्येच कुठून आले? प्रश्न रास्त आहे. पण या जीवाश्मांचं नाव उलगडून सांगितलं की तुमच्या लक्षात येईल, हे माझ्या अंगणात कसे आले ते.

नाव आहे ॲक्रिटार्क. ग्रीकमध्ये ‘आक्रितोस’ म्हणजे ज्याचा निर्णय झालेला नाही असं, आणि ‘आर्खे’ म्हणजे उगम. ज्याचा उगम ठरलेला नाही ते ॲक्रिटार्क. ‘आर्खे’ हा शब्द आमच्या ओळखीचा. ग्रीक तत्त्वज्ञानाची पहिली पायरी शिकवताना तो फळ्यावर लिहावाच लागतो. सगळ्या वस्तूंचं आर्खे कोणतं, असा प्रश्न मिलेटसच्या थेलीसच्या नावावर आहे, आणि त्याचं उत्तर होतं पाणी. अडीच हजार वर्षांनंतर एका भूवैज्ञानिकाने तोच शब्द उचलला, पाण्यातल्याच एका गोष्टीसाठी वापरला, आणि त्याच्यापुढे उत्तर लिहिण्याऐवजी ‘ठरलेलं नाही’ असं लिहून ठेवलं. विज्ञानात नाव साधारणपणे ओळख पटल्यावर देतात. इथे ओळख पटत नाही, हेच नावात घातलं आहे. आज मला बोलायचंय ते यावर, की असं नाव ठेवण्यात शहाणपण काय आहे, आणि त्यात धोका काय आहे.

आधी वस्तू काय आहे ते बघू. बारीक गोळे असतात, पोकळ, सेंद्रिय पदार्थाच्या भिंतीचे. बहुतेक २० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान. आपला केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हे त्याच्या आगेमागे. काही अगदी गुळगुळीत, काहींवर काटे, काहींच्या काट्यांना पुन्हा फाटे, काहींवर बारीक रेघांची नक्षी. बऱ्याचदा मातीच्या वजनाने दबून चपटे झालेले सापडतात, हवा गेलेल्या चेंडूसारखे. सापडतात ते मुख्यतः जुन्या समुद्रतळाच्या खडकांत, विशेषतः शेलमध्ये, म्हणजे चिखलाचा तो पापुद्रे सुटणारा खडक असतो ना, त्यात.

ते खडकातून बाहेर काढण्याची रीत मोठी गमतीची आहे. खडक कुटायचा, आधी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा, म्हणजे चुना निघून जातो. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात. हे आम्ल काचसुद्धा खातं, म्हणून प्लॅस्टिकची भांडी लागतात; आणि ते कातडीतून आत शिरतं, त्यामुळे फार जपून काम करावं लागतं. त्यात वाळू, माती, सगळी खनिजं विरघळून जातात. एवढं करूनही जो काळपट गाळ तळाशी उरतो, तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. त्यात हे गोळे शाबूत असतात. दगड विरघळला, पण कोणे एके काळच्या एका पेशीचं कवच विरघळलं नाही! परागकणांची भिंत असते तशा जातीचा काहीतरी चिवट पदार्थ त्यात असतो.

आता इतिहास. बर्लिनमध्ये एरेनबर्ग नावाचे गृहस्थ होते, सूक्ष्मदर्शकातून जग पाहणाऱ्या पहिल्या मोठ्या लोकांपैकी. १८३०च्या दशकात त्यांनी चकमकीच्या दगडाचे पातळ तुकडे पाहिले, त्यात काटेरी गोळे दिसले. त्यांना वाटलं, हे गोड्या पाण्यातल्या एका हिरव्या शैवालाचे आहेत. त्या शैवालाचंच नाव त्यांनी यांना देऊन टाकलं. दिसायला सारखे, म्हणून तेच. पुढे १९३३ साली ओटो वेट्झेल यांनी निराळं नाव काढलं, हिस्ट्रिकोस्फिअर. हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर. साळिंदरासारखा गोळा! हे नाव मला आवडतं, कारण ते दिसतं तेवढंच सांगतं, त्यापुढचं काही बोलत नाही. मग जिथे जिथे काटेरी गोळा सापडला, तो या साळिंदरांच्या पोत्यात गेला. पोतं फुगत गेलं.

ते पोतं विल्यम एव्हिट यांनी उपडं केलं. हे अमेरिकन. आधी तेल कंपनीच्या संशोधन विभागात होते, मग स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. तेलवाल्यांना या गोळ्यांत रस का, तर खडकाचं वय लावायला ते उपयोगी पडतात. एका थरात एका आकाराचे, वरच्या थरात दुसऱ्या. शिवाय त्यांचा रंग उष्णतेने बदलतो, पिवळा, मग तपकिरी, मग काळा. म्हणजे खडक किती तापला, त्यात तेल तयार होण्याइतकी उष्णता होती की तेल जळूनच गेलं, याचा अंदाज बांधता येतो. हा गोळा कोण होता हे न कळताही त्याचा उपयोग होतो, हे ध्यानात ठेवा. ओळख आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एव्हिटनी काय पाहिलं? त्यांनी भोकाकडे पाहिलं. पुष्कळ साळिंदर-गोळ्यांना एक भोक असतं. लोक समजत होते की कवच फुटलंय. एव्हिटना दिसलं की भोकाचा आकार ठरावीक आहे, जागाही ठरावीक आहे. समुद्रात डायनोफ्लॅजलेट नावाचे एकपेशीय जीव असतात. कोकणात काही वेळा रात्री लाटा निळ्या उजळतात, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल, त्यामागचा नॉक्टिल्युका हा त्याच घराण्यातला. यांतल्या पुष्कळांच्या अंगावर चिलखतासारख्या पट्ट्या असतात. दिवस वाईट आले की काही जाती चिलखताच्या आत एक चिवट पुटी, म्हणजे सिस्ट, तयार करून तीत झोपून राहतात. दिवस पालटले की पुटीला एक दार उघडतं आणि जीव बाहेर पडतो. एव्हिटनी दाखवलं की जीवाश्मांवरचं भोक म्हणजे हे दार, त्याचा आकार चिलखताच्या पट्टीचा, आणि काटेसुद्धा पट्ट्यांच्या मांडणीप्रमाणे उगवलेले. १९६१ सालची ही गोष्ट. सव्वाशे वर्षं डोळ्यांसमोर असलेलं भोक, पण त्याला दार म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणजे साळिंदरांच्या पोत्यातली एक मोठी रास ओळखू आली, त्या डायनोफ्लॅजलेटांच्या पुट्या. उरलेल्यांचं काय? त्यांना असं दार नव्हतं, पट्ट्यांची खूण नव्हती. आणि त्यांतले बरेच फार जुन्या खडकांतले होते. १९६३ साली एव्हिटनी या उरलेल्यांसाठी ॲक्रिटार्क हे नाव सुचवलं, आणि ते टिकलं.

इथे थोडं माझ्या विषयात येतो, कंटाळू नका.

न्यायदर्शनात सोळा पदार्थांची यादी आहे. त्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर लगेच तिसरा पदार्थ येतो तो संशय. आपल्याकडे संशय म्हणजे काहीतरी वाईट, मनाचा रोग, अशी समजूत आहे. नैयायिकांच्या दृष्टीने संशय ही विचाराची सुरुवात आहे. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं : संध्याकाळी लांबवर काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? उंची दिसते, उभेपणा दिसतो. हे दोघांनाही समान असलेले गुण. हात-पाय हलताहेत का, की फांदीची खोबण आहे, हा ज्याने निर्णय व्हावा तो विशेष गुण दिसत नाही. म्हणजे संशय आणि अज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत. संशयात तुम्हाला पुष्कळ माहीत असतं. नेमकं काय माहीत नाही हेही माहीत असतं. ॲक्रिटार्क हा या अर्थाने शंभर टक्के संशय आहे. गोल आहे, भिंत सेंद्रिय आहे, काटे आहेत, हे समान गुण. दार हा विशेष. तो दिसला त्या दिवशी निम्मा संशय फिटला.

दुसरी आठवण होते ती बौद्ध आचार्य दिङ्नागांच्या अपोहवादाची. त्यांचं म्हणणं, शब्द वस्तूला थेट धरत नाही, बाकीच्यांना बाजूला सारतो. ‘गाय’ म्हणजे जे गायेतर नाही ते. आम्ही विद्यार्थी असताना याची थट्टा करायचो, की हे म्हणजे हाताने कान उलटा धरणं झालं. पण ॲक्रिटार्क बघा! डायनोफ्लॅजलेट म्हणून सिद्ध झालेला नाही, बीजाणू नाही, परागकण नाही, प्राण्याचा अवशेष म्हणून ओळखता येत नाही, असं सगळं बाजूला सारून जे उरलं ते. दिङ्नागांना याहून चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

तेव्हा या नावाखाली एक कूळ नाही, एक घराणं नाही. स्टेशनवर हरवलेल्या सामानाची खोली असते, तिथल्या सगळ्या पिशव्या एका मालकाच्या नसतात. गंमत म्हणजे या गोळ्यांना जातिनामं देताना वनस्पतींच्या नामकरणाची नियमावली वापरतात. हे वनस्पती आहेत असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण कुठल्यातरी कायद्याखाली नोंद करायला हवी ना!

खोलीतून एकेक पिशवी मालकाकडे जाते. टास्मानियात एक तेलकट शेल मिळतो, तो जवळजवळ या चकत्यांचाच बनलेला. त्या गोळ्याचं नाव टास्मानाइट्स, १८७५ सालचं. पुढे आजच्या समुद्रातल्या एका साध्या हिरव्या शैवालाची पुटी हुबेहूब तशी निघाली. त्याला आता ॲक्रिटार्क कुणी म्हणत नाही. दुसरी वाट रसायनाची. एस्टोनियातल्या कँब्रियन काळाच्या सुरुवातीच्या खडकांतले ॲक्रिटार्क घेऊन १९९८ मध्ये मोल्डोवान आणि तालिझिना यांनी त्यांच्यातले रेणू तपासले, तर डायनोफ्लॅजलेटांच्या खास चरबीपासून बनणारे रेणू मिळाले. दार नाही, पट्ट्या नाहीत, पण घराचा वास आला म्हणा. ओळखीच्या डायनोफ्लॅजलेट पुट्यांपेक्षा हे खडक कितीतरी जुने. मात्र यावर सगळे समाधानी नाहीत, कारण रेणू इकडून तिकडे झिरपू शकतात.

चीनच्या ग्वेझौ प्रांतात दौशांतुओ नावाचे खडक आहेत, सुमारे ६० कोटी वर्षांच्या आसपासचे. तिथे मोठे काटेरी ॲक्रिटार्क मिळतात. १९९८ साली तिथल्याच फॉस्फेटच्या खडकांत पेशी दुपटीने विभागत गेलेले गोळे सापडले, एकाच्या दोन, दोनाच्या चार. प्राण्यांचे गर्भ, असं म्हणण्यात आलं. २००७ मध्ये असे गर्भ काटेरी कवचाच्या आत असलेले दाखवले गेले. म्हणजे काही ॲक्रिटार्क प्राण्यांच्या अंड्यांची कवचं असावीत. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने म्हटलं, अहो, हे महाकाय गंधक-जिवाणू असू शकतात, तेही असेच विभागतात. २०११ मध्ये तिसरा गट म्हणाला, प्राणीही नाहीत आणि जिवाणूही नाहीत, प्राण्यांच्या दूरच्या नात्यातले एकपेशीय जीव आहेत. खांब की माणूस हा प्रश्न दोन पर्यायांचा होता. इथे तिसरा निघाला. वाद अजून मिटलेला नाही.

हा वाद चार तज्ज्ञांपुरता नाही. पृथ्वीवर प्राणी कधी आले, या प्रश्नाचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. त्याहून मागचा प्रश्न : केंद्रक असलेली पेशी, जिच्यापासून आपण सगळे, ती कधी आली? त्यालाही साक्षीदार मुख्यतः हेच. उत्तर ऑस्ट्रेलियात रोपर नावाच्या खडकांत सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वीचा टापानिया नावाचा गोळा मिळतो. त्याला कुठूनही कसेही फाटे फुटलेले असतात, काहींना पुन्हा फाटा. आत सांगाडा असलेली, स्वतःचा आकार बदलू शकणारी पेशी असल्याशिवाय हे होणं कठीण, म्हणून ती केंद्रकी असली पाहिजे, असा युक्तिवाद आहे, आणि मला तो पटतो. पण बघा, ‘केंद्रकी’ इथवर गेलो. शैवाल की बुरशी की नामशेष झालेलं तिसरंच काही? तिथे पुन्हा संशय. दक्षिण आफ्रिकेत बार्बरटनजवळ ३२० कोटी वर्षांपूर्वीचे गोळे २०१० मध्ये जाहीर झाले, काही ३०० मायक्रॉनपर्यंतचे. तिथे तर जिवाणू की केंद्रकी, इथूनच सुरुवात.

आपल्या देशातली गोष्ट सांगतो, आणि ती जरा सविस्तर सांगतो. चित्रकूटजवळ जानकीकुंड भागात विंध्य खडक आहेत. १९९८ मध्ये डेहराडूनचे रफत जमाल आझमी यांनी विंध्य खडकांतून बारीक जीवाश्म जाहीर केले आणि त्यांना कँब्रियन काळातल्या कवचधारी जीवांच्या धर्तीवर ओळख दिली. आता ओळख दिली की वय आपोआप ठरतं : सुमारे ५४ कोटी वर्षं. सगळे तर त्या खडकांना कितीतरी जुनं मानत होते. मोठा गदारोळ झाला. काहींनी म्हटलं हे जीवाश्मच नाहीत. काहींनी ते खरंच तिथले आहेत का, इथपर्यंत शंका घेतली. २००२ मध्ये खडकांतल्या ज्वालामुखी राखेतल्या झिरकॉनच्या कणांवरून वय निघालं सुमारे १६० कोटी. संपलं, असं वाटलं असेल.

पण स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आणि त्यांचे सहकारी आझमींनाच बरोबर घेऊन पुन्हा तिथे गेले, नवे नमुने आणले, आणि २००९ मध्ये जो निकाल दिला तो मला फार मोलाचा वाटतो. जीवाश्म खरे आहेत. खडक १६० कोटी वर्षांच्या आसपासचाच आहे. आणि त्यात जे गर्भासारखे दिसणारे गोळे होते ते जीवाश्म नाहीतच. शेवाळी थराच्या बुळबुळीत अडकलेले वायूचे बुडबुडे आहेत! म्हणजे पाहणारा खरा होता, त्याने दिलेली ओळख टिकली नाही, आणि त्याला खोटं म्हणणारेही चुकले. २०१७ मध्ये त्याच ठिकाणचे जीवाश्म क्ष-किरणांनी आरपार पाहिले गेले, आणि त्यांतले काही लाल शैवाल म्हणून मांडले गेले. त्यांतल्या एकाचं नाव ठेवलं राफात्आझ्मिया चित्रकूटेन्सिस. दुसऱ्याच्या नावात राम आहे, चित्रकूटला राहिलेला. तिसऱ्याच्या नावाचा दुसरा भाग ‘मेंडाक्स’, लॅटिनमध्ये लबाड. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनाही आपण फसू शकतो याची जाणीव असावी. लाल शैवाल हा निर्णयही सर्वमान्य झालाय असं नाही.

या प्रकरणात गोंधळ वस्तूने केला नाही, आकारसाम्यावरून पटकन दिलेल्या नावाने केला. ‘उगम अनिश्चित’ अशी चिठ्ठी लावून ते गोळे काही वर्षं कपाटात राहिले असते, तर एका माणसाच्या सचोटीपर्यंत भांडण गेलं नसतं.

आता दुसरी बाजू. ‘माहीत नाही’ म्हणणं प्रामाणिक आहे म्हणून ते नेहमी निरुपद्रवी असतं असं नाही. ॲक्रिटार्कांच्या जाती मोजून आलेख काढतात : अमुक काळात जाती वाढल्या, तमुक काळात घटल्या, म्हणजे समुद्रातलं जीवन फुललं किंवा कोसळलं. डेव्होनियन काळाच्या शेवटी ते एकदम रोडावतात, आणि पुढे कार्बोनिफेरसमध्ये समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींचा जणू अंधारच पडतो असं वर्णन करतात. आकडे खरे असतील. पण मोजताय काय? एकाच जीवाच्या दोन अवस्थांना दोन नावं दिली असतील तर एकाचे दोन मोजले. दोन जीवांच्या पुट्या सारख्या दिसत असतील तर दोनांचा एक. आणि कदाचित जीव तसेच होते, फक्त पुटी करायची सवय गेली. हरवलेल्या सामानाच्या खोलीतल्या पिशव्या मोजून गाडीत प्रवासी किती होते हे सांगू नये, निदान जपून सांगावं. मला वाटतं संशयाला नाव दिलं की हळूहळू ते नाव वस्तूचं असल्यासारखं वागू लागतं. ‘ॲक्रिटार्क वाढले’ असं वाक्य आपण सहज बोलतो. व्याकरण बरोबर आहे, पण कर्ता कोण आहे ते बघा.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली : आपल्या सह्याद्रीत हे मिळतील का? सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाचा, आणि वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. त्यात नाही मिळायचे. पण महाराष्ट्र म्हणजे फक्त काळा दगड नव्हे. यवतमाळकडे पैनगंगेच्या भागात जुने समुद्री चुनखडक आणि शेल आहेत. आणि पंढरपूरवरून वाहणारी आपली भीमा पुढे कलबुर्गीकडे जाते, तिथल्या जुन्या खडकांतून चुआरिया मिळाल्याची नोंद आहे. चुआरिया म्हणजे मिलिमीटरभराच्या काळ्या चकत्या, नुसत्या डोळ्यांना दिसतात. वॉलकॉट यांना त्या १८९९ मध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये मिळाल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं की एखाद्या प्राण्याचा चेपलेला शिंपला असावा. आज त्यांना बहुतेक जण शैवालाच्या बाजूला ठेवतात.

दुसरी चिठ्ठी : डीएनए तपासून प्रश्न सोडवत का नाहीत? कारण डीएनए टिकत नाही. आजवर खडकमातीतून मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडचा, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा, तोही गोठलेल्या जमिनीत राहिला म्हणून. आपण बोलतोय ते पन्नास, शंभर, दीडशे कोटी वर्षांबद्दल. तेव्हा हातात काय आहे, तर भिंतीची जाडी, तिचे थर, काट्यांची मांडणी, आणि कुणाच्या लक्षात न आलेलं एखादं भोक. वेळ संपली. बाकीच्या चिठ्ठ्या ठेवून द्या, पुढच्या वेळी घेऊ.